प्रथमोपचारकाच्या जबाबदारीचा विमा: पेटीवर नाव आपले, पॉलिसीत कोणाचे?

बी_शिफ्ट

नमस्कार. रबाळे एमआयडीसीतल्या एका मध्यम आकाराच्या रासायनिक कारखान्यात मी देखभाल विभागात काम करतो. गेली सहा वर्षे आमच्या मजल्यावरच्या प्रथमोपचार पेटीवर 'प्रशिक्षित प्रथमोपचारक' म्हणून माझे नाव आणि फोटो चिकटवलेला आहे. ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाआधी नवी यादी लावायची म्हणून एचआरने पुन्हा संमतिपत्रावर सही मागितली आहे आणि या वेळी मी ती केलेली नाही. त्याचे कारण सविस्तर सांगतो, म्हणजे प्रश्न नीट समजेल.

ऑगस्ट २०२५ मध्ये दुसऱ्या पाळीत, रात्री साडेनऊच्या सुमारास, ईटीपीतल्या (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेतल्या) डोसिंग पंपाची नळी निसटली आणि कॉस्टिक लाय, म्हणजे तीव्र अल्कलीचे द्रावण, ठेकेदाराकडच्या एका कामगाराच्या उजव्या डोळ्यात उडाली. मी त्याला ओढतच आयवॉशपाशी, म्हणजे डोळे धुण्याच्या नळापाशी, नेले, दोन बोटांनी पापण्या फाकवून धरल्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत पूर्ण वीस मिनिटे पाणी सोडले. तो ओरडत होता, मान हिसडत होता, माझा शर्ट गच्च धरून मला मागे ढकलत होता. पर्यवेक्षक मागून सारखे म्हणत होते की गाडी दारात उभी आहे, आधी त्याला हलवा. मी हललो नाही, कारण प्रशिक्षणात हेच शिकवले होते आणि त्या रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकातही हेच लिहिलेले आहे.

डोळा वाचला, पण नजर पूर्वीसारखी राहिली नाही. दोन आठवड्यांनी त्याचा भाऊ गेटवर आला आणि त्याने सर्वांसमोर विचारले की माणूस तडफडत असताना त्याला वीस मिनिटे नळाखाली कोणी उभे केले. त्यानंतर तिसऱ्या दिवशी मला व्यवस्थापनाचे पत्र मिळाले: रुग्णास रुग्णालयात हलविण्यास विलंब का केला, याचा तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. पुढे कारखान्याच्या डॉक्टरांनीच माझी बाजू मांडली आणि प्रकरण तेवढ्यावर मिटले. पण होम करताना हात पोळला तो पोळलाच.

माझा प्रश्न असा आहे. उद्या कोणी खरोखर दावा लावला, किंवा पोलिसांत तक्रार केली, तर वकिलाचा खर्च आणि नुकसानभरपाई कोण देणार? एचआरच्या म्हणण्यानुसार कंपनीची लायबिलिटी पॉलिसी आहे आणि तिच्यात 'फर्स्ट एड' हा शब्द स्पष्ट आहे. त्यांनी मला ते पान स्क्रीनवर दाखवलेही, आणि शब्द खरोखरच तिथे होता. तरीही माझे समाधान झालेले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

घणसोलीचा_काका

धागाकर्ते, तुमच्या जागी मी असतो तर मीही तेच वीस मिनिटे केले असते. पण एक सांगू का? तुर्भे ते दिघा या पट्ट्यात मी तीस वर्षे काढली, तीन कारखाने बदलले, आणि प्रथमोपचार केला म्हणून कोणावर कोर्टात दावा लागल्याचे एकदाही ऐकले नाही. आपल्याकडे कामगाराचे कुटुंब भरपाई मागते ती मालकाकडून, पट्टी बांधणाऱ्याकडून नव्हे. शिवाय रस्त्यावर मदत करणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा आता झालेलाच आहे, तो इथेही लागू होईलच की. विम्याची ही उठाठेव नसती आहे, असे माझे मत. सही करून टाका.

कोर्टनाका

काकांच्या पहिल्या म्हणण्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. दुसरे म्हणणे मात्र चुकीचे आहे, आणि तो गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर सविस्तर लिहिणे भाग आहे. मी ठाण्यात वकिली करते, कामगार आणि विमा ही माझी रोजची प्रकरणे.

ज्याला लोक 'गुड समॅरिटन कायदा' म्हणतात, ते मोटार वाहन कायद्यातील कलम १३४अ आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर दिलेल्या निकालाने केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक स्वरूप आले आणि २०१९ च्या दुरुस्तीने हे कलम कायद्यात घातले गेले. त्यात संरक्षण जबरदस्त आहे: मदत करणाऱ्याच्या हातून निष्काळजीपणा घडला तरी त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. परंतु ते फक्त मोटार वाहनाच्या अपघातापुरते आहे, आणि मदत करणारा माणूस स्वेच्छेने, कोणत्याही मोबदल्याची अपेक्षा न धरता पुढे आलेला असावा लागतो. कारखान्यातला प्रथमोपचारक या दोन्ही अटींवर अडखळतो. ईटीपीतला पंप म्हणजे मोटार वाहन नव्हे. आणि पेटीवर ज्याचे नाव लावले आहे, जो पगारी वेळेत नेमून दिलेले काम करतो आहे, तो 'योगायोगाने तिथे असलेला भला माणूस' राहत नाही. कोणी विचारील की आवारात फोर्कलिफ्टची धडक बसली तर? केवळ कारखान्याच्या किंवा बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी बनवलेले विशेष प्रकारचे वाहन त्या कायद्याच्या व्याख्येतूनच वगळलेले आहे, त्यामुळे ती वाटही बंद आहे.

मग प्रथमोपचारकाला काहीच संरक्षण नाही का? आहे, पण ते दुसरीकडे आहे. तुमचा अपघात ऑगस्ट २०२५ चा, म्हणजे त्याला कारखाने अधिनियम, १९४८ लागू होता. त्यातल्या कलम ४५ नुसार दर १५० कामगारांमागे किमान एक पेटी ठेवावी लागे, आणि ती अशा जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात असावी लागे की जिच्याकडे राज्य शासनाने मान्य केलेले प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र आहे आणि जी कामाच्या सर्व वेळात हाताशी आहे. म्हणजे तुमची नेमणूक ही कंपनीची हौस नसून कायद्याने सांगितलेली गोष्ट आहे. त्याच अधिनियमाचे कलम ११७ सांगत असे की या अधिनियमाखाली सद्भावनेने केलेल्या गोष्टीबद्दल कोणत्याही व्यक्तीवर दावा किंवा खटला चालणार नाही.

इथे एक बारकावा आहे. 'सद्भावना' या शब्दाचा अर्थ सगळीकडे सारखा नाही. जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ प्रमाणे जी गोष्ट प्रामाणिकपणे केली ती सद्भावनेने केली, मग ती निष्काळजीपणे केलेली असो वा नसो. आणि केंद्रीय कायद्यांना सर्वसाधारणपणे हीच व्याख्या लागते. फौजदारी कायद्यात मात्र, पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही, योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेले कृत्य सद्भावनेचे मानले जात नाही. त्यामुळे कलम ११७ खाली मनाचा प्रामाणिकपणा पुरेल, पण पोलीस ठाण्यात 'मी प्रशिक्षणाप्रमाणे काळजी घेतली' हे दाखवावे लागेल. न्याय संहितेचे कलम ३०, म्हणजे जुने कलम ९२, संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी केलेल्या कृत्याला संरक्षण देते. शुद्ध हरपलेल्या रुग्णाच्या बाबतीत ते उपयोगी पडते. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याच्या कलम १०६ मध्ये नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाला कमाल दोन वर्षांची शिक्षा आहे, इतरांना पाच वर्षांपर्यंत. प्रथमोपचारक 'इतरांत' मोडतो, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

पण ही सगळी कलमे बचावाची आहेत. दावा दाखल होऊच नये याची हमी कोणतेही कलम देत नाही, आणि बचाव मांडायला वकील लागतो. धागाकर्त्यांचा प्रश्न नेमका तिथलाच आहे.

घणसोलीचा_काका

ताई, फोर्कलिफ्टचे ठाऊक नव्हते. माझे शब्द मागे घेतो, सहीबद्दलचे सोडून.

पॉलिसीवाली

मी वाशीत विमा ब्रोकर आहे आणि औद्योगिक ग्राहकांच्या पॉलिसी वाचणे हेच माझे काम. एचआरने तुम्हाला जे पान दाखवले, ते कोणते असेल याचा मला बराच अंदाज आहे. कमर्शियल जनरल लायबिलिटी पॉलिसी, जिला आम्ही सीजीएल म्हणतो, तिच्या बऱ्याच मसुद्यांत अटींच्या भागात एक वाक्य असते: विमा कंपनीच्या संमतीशिवाय विमेदाराने स्वतःहून कोणाला पैसे देऊ नयेत, जबाबदारी पत्करू नये किंवा खर्च करू नये, फर्स्ट एडचा खर्च वगळता. 'फर्स्ट एड' हा शब्द तिथे येतो तो एवढ्याचसाठी. जखमीला मलमपट्टी करण्याआधी आम्हाला फोन करत बसू नका, इतकाच त्याचा अर्थ आहे. प्रथमोपचारात चूक झाली तर आम्ही भरपाई देऊ, असे ते वाक्य कुठेही म्हणत नाही. शब्द सापडला म्हणजे संरक्षण सापडले, असे समजणारे तुमचे एचआर एकटेच नाहीत, हे मी अनुभवाने सांगते.

आता मुख्य मुद्दा. सीजीएलमध्ये विमेदार म्हणजे फक्त कंपनी नसते. नेमून दिलेल्या कामाच्या मर्यादेत वागणारे कर्मचारीही त्या व्याख्येत येतात आणि इथवर सगळे चांगले दिसते. परंतु त्याच व्याख्येच्या पोटात दोन अपवाद असतात. पहिला असा की कर्मचाऱ्याच्या हातून त्याच्याच सहकर्मचाऱ्याला शारीरिक इजा झाली, तर त्या दाव्यापुरता तो कर्मचारी विमेदार राहत नाही. दुसरा असा की व्यावसायिक आरोग्यसेवा दिल्यामुळे किंवा न दिल्यामुळे उद्भवलेल्या दाव्यातही कर्मचारी विमेदार राहत नाही. प्रथमोपचारक ज्यांना हात लावतो ते बहुतेक सहकारीच असतात, म्हणजे पहिला अपवाद त्याच्यासाठीच लिहिल्यासारखा आहे. दुसऱ्याबद्दल वाद घालता येतो, कारण पट्टी बांधणे किंवा डोळा धुणे ही व्यावसायिक आरोग्यसेवा नव्हे असे म्हणायला जागा आहे. पण तो वाद दावा लागल्यानंतर घालण्यापेक्षा पॉलिसी घेतानाच मिटवलेला बरा.

एम्प्लॉइज कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामगार भरपाईची, पॉलिसी या कामी येत नाही का, असे मला पुष्कळदा विचारले जाते. ती पॉलिसी मालकाची कायदेशीर जबाबदारी उचलते. प्रथमोपचारात चूक होऊन इजा वाढली आणि त्याबद्दल मालकाला भरपाई द्यावी लागली, तर त्या अर्थाने ती उपयोगी आहे. मात्र विमेदार मालक आहे, तुम्ही नाही. पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स ॲक्ट, १९९१ खालची सक्तीची पॉलिसी तर पूर्ण वेगळी आहे: भोपाळनंतर आलेला तो कायदा घातक पदार्थांच्या अपघातात कारखान्याबाहेरच्या, म्हणजे कामगार नसलेल्या, लोकांच्या भरपाईसाठी आहे. टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या अनेक कंपन्यांकडे ती असते आणि नावात 'लायबिलिटी' असल्यामुळे तिच्यावर नको तेवढा भरवसा टाकला जातो.

उपाय अवघड नाही. नूतनीकरणाच्या वेळी ब्रोकरला सांगून एन्डॉर्समेंट घ्यावी, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडलेली दुरुस्ती. तिच्यात असे लिहून घ्यावे की कंपनीने लेखी नेमलेला आणि वैध प्रमाणपत्र असलेला प्रथमोपचारक, कामाच्या ठिकाणी दिलेल्या प्रथमोपचारासाठी विमेदार मानला जाईल आणि सहकर्मचाऱ्याविषयीचा अपवाद त्याला त्या कामापुरता लागणार नाही. त्याच वेळी दोन गोष्टी विचाराव्यात. बचावाचा खर्च विम्याच्या रकमेतूनच वजा होणार की वेगळा मिळणार, हे एक. आणि पॉलिसी कोणत्या तारखेकडे पाहते, हे दुसरे: घटना कधी घडली याकडे, की दावा कधी लागला याकडे. दुसऱ्या प्रकाराला आम्ही क्लेम्स-मेड म्हणतो. तशी पॉलिसी असेल आणि कंपनीने ती मधेच बंद केली, तर आज केलेल्या प्रथमोपचारावर दोन वर्षांनी लागलेला दावा वाऱ्यावर राहतो.

वागळे_१६_नंबर

माझे वागळे इस्टेटमध्ये चाळीस माणसांचे प्रेस शॉप आहे, म्हणून मालकाच्या बाजूने एक शंका विचारतो. आमच्याकडे सीजीएल नाही, फक्त कामगार भरपाईची पॉलिसी आहे, आणि बहुतेक कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, आहेत. ईएसआय असताना कामगाराला दुसरीकडून भरपाई मागता येत नाही, असे आमचे सल्लागार सांगतात. मग माझ्या प्रथमोपचारकाला धोका उरतो कुठे?

कोर्टनाका

तुमच्या सल्लागारांचे म्हणणे बव्हंशी बरोबर आहे. कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ (त्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे) याच्या कलम ५३ मध्ये शब्द असे होते की विमाधारक कामगाराला कामावरच्या इजेबद्दल मालकाकडून किंवा इतर कोणत्याही व्यक्तीकडून दुसऱ्या कायद्याखाली भरपाई वसूल करता येणार नाही. मालकाविरुद्धचा नुकसानभरपाईचा सर्वसाधारण दावाही त्यामुळे चालत नसे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये वेस्टर्न इंडिया प्लायवूडच्या प्रकरणात स्पष्ट केले. 'इतर कोणत्याही व्यक्तीकडून' या शब्दांचा आधार प्रथमोपचारकालाही घेता येई. त्यामुळे तुमच्या ईएसआयमधल्या कामगारांपुरता दिवाणी धोका त्या कलमाखाली खरोखरच कमी होता; नव्या संहितेतले शब्द मात्र सल्लागारांकडून तपासून घ्या.

पण ईएसआयची वेतनमर्यादा महिना २१,००० रुपये आहे. तुमचा फोरमन, हिशेबनीस, तपासणीला आलेला ग्राहकाचा अभियंता, माल उतरवायला आलेला ट्रकचालक, हे सगळे त्या छत्राबाहेर आहेत आणि भोवळ त्यांनाही येते. शिवाय कलम ५३ फौजदारी तक्रार अडवत नव्हते.

आणखी एक गोष्ट. विमा कंपनीने भरपाई दिल्यानंतर तिला ती रक्कम ज्याच्या चुकीने नुकसान झाले त्याच्याकडून वसूल करण्याचा हक्क मिळतो, याला सब्रोगेशन म्हणतात. कर्मचाऱ्याच्या बाबतीत तो हक्क किती दूर जाऊ शकतो याचे प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधले आहे. लिस्टर विरुद्ध रॉमफर्ड आइस या १९५७ च्या खटल्यात एका ट्रकचालकाने गाडी मागे घेताना त्याच कंपनीत काम करणाऱ्या स्वतःच्या वडिलांना धडक दिली. विमा कंपनीने वडिलांना भरपाई दिली आणि मग मालकाच्या नावाने मुलावर दावा लावून ती वसूल केली. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, ते मान्य केले. त्यावर इतकी टीका झाली की तिथल्या विमा कंपन्यांनी, संगनमत किंवा हेतुपुरस्सर गैरवर्तन असल्याशिवाय असे दावे लावणार नाही, असे आपसांत ठरवले. आपल्याकडे कोणी काही ठरवल्याची वाट पाहू नये. कर्मचाऱ्यांविरुद्ध हा हक्क वापरणार नाही, एवढे एक वाक्य पॉलिसीत लिहून घ्यावे.

ऐरोली_फॅसिलिटी

हा धागा योग्य वेळी आला. मी ऐरोलीतल्या एका आयटी कार्यालयाची व्यवस्था पाहतो; आमची मूळ कंपनी ब्रिटनमधली आहे. गेल्या वर्षी आम्ही तीन मजल्यांवर एईडी (बंद पडणाऱ्या हृदयाला विजेचा झटका देणारी) यंत्रे बसवली आणि बारा जणांना सीपीआरचे, म्हणजे छाती दाबून हृदय चालू ठेवण्याचे, प्रशिक्षण दिले. त्यातल्या एका मुलीने पहिल्याच दिवशी विचारले की छाती दाबताना बरगडी मोडली तर जबाबदार कोण. लंडनहून एका ओळीचे उत्तर आले की प्रथमोपचारक आमच्या विम्यात समाविष्ट आहेत. मी ते उत्तर जसेच्या तसे सर्वांना पाठवून मोकळा झालो. आता वाटते की घाईच केली.

तिथे परिस्थिती वेगळी आहे हे मला नंतर समजले. ब्रिटनमध्ये १९६९ च्या कायद्याने मालकाला कर्मचाऱ्यांप्रति असलेल्या जबाबदारीचा विमा सक्तीचा आहे, तोही किमान पन्नास लाख पौंडांचा, त्यामुळे सहकाऱ्याला झालेली इजा पॉलिसीच्या बाहेर पडत नाही. प्रथमोपचारासाठी १९८१ ची स्वतंत्र नियमावली आहे, आणि इंग्लंड व वेल्समध्ये २०१५ च्या एका कायद्याने न्यायालयाला सांगितले आहे की एखाद्याच्या निष्काळजीपणाचा विचार करताना तो समाजाच्या भल्यासाठी किंवा संकटात सापडलेल्याला वाचवण्यासाठी वागत होता का, हेही पाहावे. त्या जमिनीवर उगवलेले एका ओळीचे उत्तर ऐरोलीत लावून चालेल का?

पॉलिसीवाली

नुसत्या त्या ओळीवर विसंबू नका. लंडनच्या कार्यालयाकडून भारतातल्या शाखेच्या नावाने असलेल्या स्थानिक पॉलिसीची प्रत मागवा आणि तिच्यात मी वर लिहिलेले दोन अपवाद आहेत का ते पाहा. समूहाची जागतिक पॉलिसी असली तरी इथला दावा पहिल्यांदा इथल्या पॉलिसीवर येतो. तुमच्या बारा जणांपैकी कोणी ठेकेदाराचे असतील, म्हणजे सुरक्षारक्षक किंवा हाउसकीपिंगचे, तर ते तुमच्या पॉलिसीत 'कर्मचारी' ठरत नाहीत; त्यांची नावे एन्डॉर्समेंटमध्ये वेगळ्या शब्दांत आणावी लागतील. रात्री कार्यालयात सर्वांत आधी पोहोचणारा माणूस बहुधा सुरक्षारक्षकच असतो, म्हणून हे मुद्दाम सांगते.

सेफ्टी_महापे

मी सुरक्षा अधिकारी आहे. विम्याचे जाणकारांनी सांगितलेच आहे, मी कागदांबद्दल बोलतो, कारण पॉलिसी कितीही चांगली असली तरी तिच्यासमोर ठेवायला कागद लागतात.

नेमणूकपत्र हवेच. पेटीवरचा फोटो म्हणजे नेमणूक नव्हे. पत्रात मर्यादा लिहिलेली असावी: काय करायचे आणि काय करायचे नाही. प्रथमोपचारकाने गोळ्या देऊ नयेत, हे मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो, तरी अनेक पेट्या उघडल्या की आत डोकेदुखीची पाकिटे आणि आम्लपित्ताच्या गोळ्या सापडतात. जुन्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४५ मध्येच लिहिलेले होते की ठरवून दिलेल्या वस्तूंशिवाय पेटीत काहीही ठेवायचे नाही. कोणी भल्या मनाने दिलेल्या गोळीची ॲलर्जी उठली, तर त्या क्षणी तो माणूस प्रशिक्षणाच्या बाहेर गेलेला असतो, आणि एन्डॉर्समेंटमध्ये 'प्रशिक्षणाच्या मर्यादेत' असे शब्द असतील तर तिच्याही बाहेर. प्रमाणपत्राची मुदत कधी संपते, ते कॅलेंडरवर लिहून ठेवावे. सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचे असो वा रेड क्रॉसचे, मुदत संपलेले प्रमाणपत्र दाव्याच्या वेळी विमा कंपनीच्या हातात आयते कोलीत देते.

दुसरे म्हणजे नोंदवही. धागाकर्त्यांनी घड्याळ पाहिले, पण वेळ लिहून ठेवली होती का? 'डोळा धुतला, रुग्णालयात पाठवले' ही नोंद पुरेशी नाही. '२१.३२ ला आयवॉश सुरू, २१.५२ ला बंद, २१.५५ ला गाडी सुटली, माहितीपत्रक सोबत दिले' अशी नोंद असती, तर खुलाशाचे पत्र बहुधा आलेच नसते. अल्कली आम्लापेक्षा डोळ्यात खोल शिरते, आणि गाडीत बसल्यावर ठाणे-बेलापूर रस्त्याच्या वाहतुकीत ती आणखी शिरत राहते. म्हणून ती वीस मिनिटे म्हणजे उशीर नव्हताच, तोच उपचार होता. पण हे भावाला ठाऊक नव्हते, आणि मला जास्त लागते ते हे की पत्रावर सही करणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. नोंदवहीत फक्त घडलेले लिहावे. 'माझ्याकडून उशीर झाला असावा', 'चूक झाली', असली वाक्ये घाबरून लिहिली जातात.

पॉलिसीवाली

सेफ्टी_महापे यांच्या शेवटच्या वाक्याला पुस्ती जोडते. विमा कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी मान्य करू नये, ही अट जवळपास प्रत्येक लायबिलिटी पॉलिसीत असते. जखमीच्या घरी जाऊन विचारपूस करणे म्हणजे जबाबदारी मान्य करणे नव्हे, ते अवश्य करावे. लेखी कबुली मात्र देऊ नये. आणि घटना घडली की, दावा येवो न येवो, कंपनीने ब्रोकरला त्याच आठवड्यात कळवावे. गेटवर आलेला भाऊ ही कळवण्यासारखी गोष्ट होती. ती कळवली गेली होती का, हे धागाकर्त्यांनी विचारून पाहावे.

वागळे_१६_नंबर

चाळीस माणसांच्या शॉपने सीजीएल घ्यावी का, हे अजून कोणी सांगितलेले नाही. हप्त्याचा आकडा मागत नाही, तो धंद्यावर अवलंबून असतो हे मला कळते. माझे दोन प्रथमोपचारक आहेत, दोघांनाही मी आग्रह करून तयार केले आहे.

पॉलिसीवाली

दादा, फक्त प्रथमोपचारकांसाठी सीजीएल घ्या असे मी म्हणणार नाही. तुमच्याकडे बाहेरची माणसे येत असतील किंवा तुमचे सुटे भाग पुढे मोठ्या कंपनीत जात असतील, तर ती घेण्याची कारणे वेगळी आणि मोठी आहेत. ती न घेतल्यास किमान एवढे करा: दोघांनाही कंपनीच्या लेटरहेडवर लिहून द्या की नेमून दिलेल्या मर्यादेत केलेल्या प्रथमोपचारावरून दावा किंवा तक्रार झाली, तर वकिलाचा खर्च आणि भरपाई कंपनी उचलेल. हा विमा नाही आणि कंपनी अडचणीत आली तर त्याला किंमत उरणार नाही, पण आज काहीच नाही त्यापेक्षा ते बरे.

कोर्टनाका

असे पत्र देताना 'जाणूनबुजून केलेले गैरकृत्य वगळता' हे शब्द घाला. 'निष्काळजीपणा वगळता' असे कोणी घालायला सांगितले तर घालू नका, कारण दावा लागतो तो निष्काळजीपणाचाच. तो वगळला तर पत्रात उरतेच काय?

आणखी एक खुलासा, कारण मला व्यक्तिगत निरोपात विचारले गेले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत आणि कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. पेट्यांची सोय आणि ५०० हून अधिक कामगार असतील तर रुग्णवाहिका कक्ष, या जबाबदाऱ्या तिथेही आहेत. नव्या नेमणूकपत्रात जुन्या कलमाचा आकडा टाकण्याऐवजी 'लागू असलेल्या कायद्यानुसार' असे लिहिणे शहाणपणाचे ठरेल.

बी_शिफ्ट

सर्वांचे आभार. काल एचआर आणि लेखा विभागाच्या साहेबांसोबत बसलो आणि धाग्यातले मुद्दे कागदावर लिहून नेले. पॉलिसी संपूर्ण मागवली. पॉलिसीवाली ताईंनी सांगितले तेच वाक्य निघाले: फर्स्ट एडचा खर्च वगळता. सहकर्मचाऱ्याविषयीचा अपवाद सोळाव्या पानावर सापडला. एचआरच्या मॅडमनी तो दोनदा वाचला आणि मग मोबाइल काढून ब्रोकरला तिथूनच फोन लावला. ऑगस्टची घटना कळवली होती का, या प्रश्नावर पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. कळवलेली नव्हती. आता कळवतील.

ज्या कामगाराला इजा झाली तो ठेकेदाराचा, म्हणजे आमच्या पॉलिसीच्या भाषेत सहकर्मचारी नाही. त्यामुळे पहिला अपवाद माझ्या प्रकरणात कदाचित लागलाच नसता, असे ब्रोकरचे म्हणणे. ऐकून बरे वाटावे की वाईट, ते मला ठरवता आले नाही. कारण त्याच रात्री तिथे आमच्या पटावरचा ऑपरेटर असता, तर मीही तेच केले असते आणि उघडा पडलो असतो.

पॉलिसीचे नूतनीकरण १ एप्रिलला आहे. एन्डॉर्समेंटचा मसुदा मागवला आहे, सब्रोगेशनचे वाक्य त्यात घालायला सांगितले आहे, आणि तोपर्यंत लेटरहेडवरचे पत्र मिळणार आहे. ते हातात आल्यावर यादीवर सही करीन, असे मी मॅडमना सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले. माझ्याविरुद्धचे खुलाशाचे पत्र फाइलमधून काढून टाका, अशीही विनंती केली. त्यावर मात्र 'बघू' एवढेच उत्तर आहे.

घणसोलीचा_काका

ते पत्र काढायला लावाच. नाही काढले तर निदान डॉक्टरांचा अभिप्राय त्याच्याच मागे टाचणी मारून लावायला सांगा. आणि आयवॉशच्या शेजारी एक मोठे घड्याळ बसवून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी पर्यवेक्षकालाही दिसेल.